एफ्राईम, यहूदा आणि 'इस्राएल': दुभंगलेली राज्ये ध्यानात ठेवून संदेष्टे कसे वाचावेत

बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा पहिलाच अध्याय. सहाव्या ओवीत देव सांगतो की इस्राएलच्या घराण्यावर मी यापुढे दया करणार नाही. लगेच सातवी ओवी सांगते, यहूदाच्या घराण्यावर मात्र मी दया करीन. नवा वाचक इथेच थबकतो. यहूदा हा इस्राएलाचा, म्हणजे याकोबाचाच मुलगा ना? मग एकाला माफी आणि दुसऱ्याला नाही, हे काय प्रकरण आहे?

प्रकरण असे की होशेय बोलत होता तेव्हा 'इस्राएल' आणि 'यहूदा' ही शेजारशेजारची दोन राज्ये होती. राजे वेगळे, राजधान्या वेगळ्या, पूजास्थाने वेगळी, आणि मधूनमधून आपसात लढाया. संदेष्ट्यांची पुस्तके या फाळणीच्या काळातली आहेत, किंवा तिचे परिणाम भोगणाऱ्या लोकांसाठी आहेत. म्हणून कुठलाही उतारा घेतला की अर्थाच्या आधी पत्ता शोधायचा: हे कोणाला सांगितले आहे, आणि केव्हा? पत्ता सापडला की निम्मा अर्थ आपोआप उलगडतो. तो न शोधता जे लोक थेट आजच्या बातम्यांवर उडी मारतात, त्यांच्या व्याख्यानांना गर्दी होते खरी, पण पुस्तक काय म्हणते ते तिथे क्वचितच ऐकू येते.

सोबत पवित्र शास्त्राची प्रत घ्या, शेवटी नकाशे छापलेली असेल तर उत्तम. एक वही आणि दोन रंगांच्या पेन्सिली एवढे पुरे. उत्तरेच्या राज्यासाठी एक रंग, दक्षिणेच्या राज्यासाठी दुसरा.

संदेष्टे बाजूला ठेवा, आधी राजे वाचा

१ राजे ११ आणि १२, मग २ राजे १७, मग २ राजे २५. चार अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. पहिल्या दोहोंत फाळणी, तिसऱ्यात उत्तरेचा शेवट, चौथ्यात दक्षिणेचा.

शलमोनाने मंदिर बांधले, राजवाडा बांधला, नगरांना तट घातले, आणि हे सगळे वेठबिगारीच्या जिवावर. योसेफाच्या घराण्याकडून, म्हणजे उत्तरेतल्या लोकांकडून, वेठ करवून घ्यायला त्याने यराबाम नावाचा कर्तबगार तरुण नेमला. या यराबामाला शिलोचा संदेष्टा अहीया रानात एकटा गाठतो, अंगावरचे नवे कोरे वस्त्र फाडून त्याचे, इस्राएलच्या वंशांइतके, बारा तुकडे करतो आणि म्हणतो, यातले दहा तू घे. शलमोनाने त्याला मारायचा बेत केला, तेव्हा तो मिसरात पळून गेला.

इ.स.पू. ९३० च्या सुमारास शलमोन वारला. मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. यरुशलेम सोडून त्याला उत्तरेत जावे लागले, यातच सगळे आले. लोकांची मागणी साधी होती: तुझ्या बापाने लादलेले जू हलके कर. वडीलधाऱ्यांनी सांगितले, आज यांच्याशी गोड बोल, हे जन्मभर तुझे राहतील. बरोबरीच्या पोरांनी उलटे शिकवले, आणि रहबामाने पोरांचे ऐकले. बापाने तुम्हाला चाबकांनी ताडन केले, मी विंचवांनी करीन, असे तो भरसभेत बोलून गेला. "दावीदात आमचा वाटा काय?" असे म्हणत लोक घरोघर निघाले. मग त्यांच्याकडे पाठवायला रहबामाने माणूस निवडला तो अदोराम, वेठबिगारीचा मुख्य मुकादम! लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला.

या गोष्टीतले दोन मुद्दे वहीत लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

पहिला मुद्दा: ही फूट अचानक पडली नाही. दावीद आधी साडेसात वर्षे हेब्रोनात फक्त यहूदाचा राजा होता. उत्तरेने त्याला नंतर स्वीकारले. "दावीदात आमचा वाटा नाही" ही घोषणासुद्धा जुनीच. २ शमुवेल २० मध्ये बन्यामिनी शबाने दावीदाच्या हयातीतच ती दिली होती. उत्तर आणि दक्षिण यांचा सांधा पहिल्यापासून कच्चा होता.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. रहबाम सैन्य जमवून उत्तरेवर चालून जायला निघतो, तेव्हा शमाया नावाचा देवाचा माणूस त्याला अडवतो: आपल्या भावांशी लढू नका, ही गोष्ट माझ्याकडून झाली आहे, असे परमेश्वर म्हणतो. फाळणी ही शिक्षा होती, पण फुटून गेलेले लोक 'भाऊ'च राहिले. उत्तरेच्या राजांवर संदेष्टे कितीही कडाडले तरी उत्तरेच्या लोकांना ते परके म्हणत नाहीत. पुढे यिर्मया आणि यहेज्केल जे बोलतात त्याचे मूळ इथे आहे.

तुकड्यांचा हिशेब जुळवत बसू नका. बारापैकी दहा यराबामाला, एक दावीदाच्या घराण्याला. मग बारावा कुठे गेला? बन्यामीन रहबामाबरोबर राहिला. शिमोनाची जमीन यहूदाच्या पोटातच होती. लेव्यांना, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशाला, प्रांत नव्हताच, आणि त्यांच्यातले पुष्कळ उत्तर सोडून दक्षिणेत आले असे २ इतिहास ११ सांगते. 'दहा वंश' हा ढोबळ आकडा आहे.

यराबामाला लगेच पेच पडला. लोक सणाला यरुशलेमच्या मंदिरात जात राहिले तर त्यांचे मन पुन्हा दावीदाच्या घराण्याकडे वळणार. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरे केली. एक बेथेलात ठेवले, राज्याच्या दक्षिण टोकाला, यरुशलेमच्या वाटेवर, आणि दुसरे थेट उत्तरेला दानात. सणाची तारीखही बदलून आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस ठरवली. राजकारण म्हणून चाल बिनतोड होती. राजांच्या पुस्तकांत मात्र "नबाटाचा मुलगा यराबाम याची पापे" हे शब्द उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या नावापुढे येतात, आणि आमोस व होशेय बेथेलवर एवढे का तुटून पडतात हेही इथेच कळते.

नकाशा आणि मोजकी साले

नकाशात आधी यरुशलेम शोधा. तिथून उत्तरेला जेमतेम १६-१७ किलोमीटरवर बेथेल. सीमा या दोहोंच्या मधून जात होती, म्हणजे दक्षिणेची राजधानी सरहद्दीला अगदी खेटून. मग शोमरोन शोधा. अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून ती टेकडी दोन किक्कार (एक जुने वजन) चांदीला विकत घेतली आणि तिथे उत्तरेची राजधानी वसवली. उत्तरेचे राज्य मोठे, सुपीक, व्यापारी वाटांवरचे, आणि म्हणूनच परकीय फौजांच्याही वाटेवरचे. यहूदा लहान, डोंगराळ, थोडे आडबाजूला.

साले चार पुरेत. इ.स.पू. ९३० च्या सुमारास फाळणी. ७२२ मध्ये अश्शूर साम्राज्याने शोमरोन घेतले. ५८६ मध्ये बाबेल साम्राज्याने यरुशलेम जाळले. ५३८ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने परत जायची मोकळीक दिली. वहीत एक आडवी रेघ ओढून ही साले मांडा, आणि प्रत्येक संदेष्टा त्या रेघेवर कुठे बसतो ते वाचता वाचता लिहीत जा.

उत्तरेत दोनशे वर्षांत १९ राजे झाले, आणि ते नऊ वेगवेगळ्या घराण्यांतले. खून करून गादी घेणे ही तिथली रीतच होऊन बसली. दक्षिणेत अथल्या राणीची काही वर्षे सोडली तर शेवटपर्यंत दावीदाचेच घराणे. म्हणून 'दावीदाचे सिंहासन' हे शब्द दक्षिणेतल्या ऐकणाऱ्याला अभिमानाचे वाटत, उत्तरेतल्याला तेच टोचत.

राजांच्या नावांनी गोंधळायला होते, ते साहजिक आहे. यराबाम दोन, दोघेही उत्तरेचे, मध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर. योराम नावाचे राजे दोन्हीकडे, तेही एकाच काळात. योवाशही दोन्हीकडे. उत्तरेचा शेवटचा राजा होशे, आणि संदेष्टा होशेय. नाव आले की बापाचे नाव आणि राज्य पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शास्त्राबाहेरचा पुरावा आहे का, असे कोणीतरी विचारतेच. आहे, आणि चांगला आहे. अश्शूरी राजा तिसरा शल्मनेसर याने इ.स.पू. ८५३ मधल्या करकारच्या लढाईचा वृत्तांत कोरून ठेवला आहे, त्यात शत्रूंच्या यादीत इस्राएलचा अहाब आहे. त्याच राजाच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू याचा उल्लेख येतो. त्याला तिथे अम्रीचा पुत्र म्हटले आहे; खरे तर येहूनेच अम्रीचे घराणे संपवले होते, पण अश्शूरी कारकुनांच्या लेखी ते राज्य म्हणजे 'अम्रीचे घराणे'च होते. दक्षिणेसाठी १९९३ मध्ये तेल दान इथे सापडलेला अरामी शिलालेख पाहा. बहुतेक अभ्यासक त्यात 'दावीदाचे घराणे' असे वाचतात.

एका नावाचे तीन अर्थ

संदेष्टे उत्तरेच्या राज्याला एका नावाने हाक मारत नाहीत. एफ्राईम, योसेफ, शोमरोन, कधी बेथेल, कधी इज्रेल, आणि अर्थात इस्राएल: ही सगळी त्याच राज्याची नावे. एफ्राईम हा योसेफाचा मुलगा; त्याचा वंश उत्तरेत सर्वांत बलाढ्य होता आणि पहिला यराबामही त्याच वंशातला, म्हणून सगळ्या राज्यालाच ते नाव पडले. दक्षिणेची नावे सोपी आहेत: यहूदा, यरुशलेम, सियोन, दावीदाचे घराणे. ही नावे दिसतील तिथे आपापल्या रंगाने खुणा करत जा.

'इस्राएल' या शब्दाला मात्र रंग देण्याआधी थांबावे लागते, कारण तो तीन अर्थांनी येतो. एक, बाराही वंश मिळून सगळी प्रजा. दोन, फक्त उत्तरेचे राज्य. तीन, उत्तर नाहीशी झाल्यावर उरलेले यहूदाचे लोक. यहेज्केलकडे बाबेलात 'इस्राएलचे वडील' येऊन बसतात, ते यहूदातून धरून नेलेले लोक आहेत. म्हणजे हे नाव मेलेल्या राज्याकडून उरलेल्यांकडे वारशाने आले.

ओळखायचे कसे? जवळपास 'यहूदा' हा शब्द समोरासमोर उभा असेल तर इस्राएल म्हणजे उत्तर. उतारा ७२२ च्या आधीचा असेल आणि बेथेल, गिलगाल, शोमरोन यांची नावे असतील तर उत्तर. मिसरातून सुटका, याकोब, अब्राहाम यांची आठवण असेल तर सगळी प्रजा अभिप्रेत असण्याची शक्यता जास्त, पण होशेयमध्ये हे फसते, कारण तो मिसराची आठवण उत्तरेलाच करून देतो. काही जागा खरोखरच संदिग्ध आहेत. तिथे समासात प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला; ओढूनताणून रंग भरायची गरज नाही.

पहिली ओवी म्हणजे पाकिटावरचा पत्ता

बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या ओवीत संदेष्ट्याचे नाव, गाव आणि राजांची यादी असते. घाईघाईने ओलांडली जाणारी हीच ओवी सर्वांत उपयोगाची.

आमोस घ्या. गाव तकोवा, म्हणजे यहूदा, यरुशलेमच्या दक्षिणेला. संदेश मात्र इस्राएलविषयी, योवाशाचा मुलगा यराबाम राज्य करत असताना, भूकंपाच्या दोन वर्षे आधी. दक्षिणेचा मेंढपाळ सरहद्द ओलांडून उत्तरेत बोलायला गेला आहे! हे लक्षात आले की सातव्या अध्यायातले भांडण एकदम जिवंत होते. बेथेलचा याजक अमस्या त्याला बजावतो की यहूदा देशात पळून जा, तिथे भाकर खा आणि तिथेच संदेश दे. बेथेलात पुन्हा बोलू नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे. देवाचे नव्हे, राजाचे. यराबामाने दीडशे वर्षांपूर्वी केलेली सोय काय होती, हे अमस्या स्वतःच्या तोंडाने कबूल करतो.

आमोसचे पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचून पाहा. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी एकेका शेजाऱ्याची हजेरी तो घेतो. उत्तरेतला श्रोता खूश होत असणार. मग यहूदाचीही हजेरी घेतो, तेव्हा तर आणखीच खूश. आणि मग तोच दांडका इस्राएलवर येतो, सर्वांत लांब आणि सर्वांत कठोर: नीतिमानाला पैशासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकणारे हे लोक. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना तो पुढे शिव्याशाप देतो. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे शेकडो तुकडे खरोखर सापडले आहेत.

होशेय उत्तरेचाच रहिवासी, पण त्याच्या पहिल्या ओवीत यहूदाचे चार राजे आणि उत्तरेचा एकच. शोमरोन पडल्यावर त्याचे लेखन दक्षिणेत जपले गेले असावे, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात. त्याच्या मुलांची नावे हाच त्याचा संदेश आहे: इज्रेल, लो-रुहामा (दया न पावलेली), लो-अम्मी (माझे लोक नव्हेत). इज्रेल या नावात येहूच्या घराण्याला धमकी आहे, कारण त्याने तिथे रक्ताचे पाट वाहवून गादी घेतली होती. दुसऱ्या यराबामाचा मुलगा जखऱ्या सहा महिने राज्य करून मारला गेला आणि येहूचे घराणे संपले. म्हणजे धमकीचा तेवढा भाग ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खरा झाला. भविष्य म्हणजे फक्त दूरच्या युगातले काही, अशी समजूत असेल तर ती इथे सैल होते.

मीखा पहिल्याच ओवीत सांगतो की आपण शोमरोन आणि यरुशलेम या दोहोंविषयी बोलणार आहोत. नहूम आणि ओबद्या इतर राष्ट्रांविषयी बोलतात. त्यांना तूर्त बाजूला ठेवा. योनाही निनवेला पाठवला जातो, पण २ राजे १४ मध्ये तो दुसऱ्या यराबामाच्या काळातला उत्तरेचा संदेष्टा म्हणून भेटतो. अश्शूरच्या या मोठ्या नगराला माफी मिळाल्यावर तो एवढा का चिडतो, हे त्यावरून सहज कळते.

एक उतारा सोडवून पाहू: यशया ७

नाताळात "कुमारी गर्भवती होईल" हे वाचले जाते, पण त्याभोवतीचा अध्याय फारसा कोणी वाचत नाही. साल इ.स.पू. ७३४ च्या आसपास. अश्शूर वाढत चालले आहे. अरामाचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यांनी हातमिळवणी केली आहे आणि यहूदाचा आहाज त्यांच्यात येत नाही म्हणून ते यरुशलेमवर चालून आले आहेत. आहाजाला काढून ताबएलाच्या मुलाला गादीवर बसवायचा त्यांचा डाव आहे. 'अरामाने एफ्राईमाशी एकोपा केला' हे ऐकून दावीदाच्या घराण्याचे काळीज रानातल्या झाडांसारखे थरथरले, असे दुसऱ्या ओवीत येते. आपण तयार केलेली नावांची यादी इथे लगेच कामाला येते: एफ्राईम म्हणजे उत्तर, दावीदाचे घराणे म्हणजे दक्षिण. भाऊ परक्याला घेऊन भावावर आला आहे.

यशया आहाजाला धीर देतो: ही दोन धुमसती कोलिते आहेत, घाबरू नकोस. इम्मानुएलची खूण या प्रसंगात दिली जाते, आणि मुलाला बरेवाईट कळण्याआधी त्या दोन राजांचा देश ओसाड होईल असे सोळावी ओवी सांगते. ७३२ मध्ये दिमिष्क पडले. त्याच सुमारास अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने गालील आणि गिलाद घेतले. पेकहचा खून झाला. ख्रिस्ती वाचक शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाच्या मागोमाग या खुणेत येशूचा जन्म पाहतात, यहूदी वाचक ती आहाजाच्या काळापुरती मानतात. माझा आग्रह एवढाच की आहाजाला आधी वाचा, मग मत्तयाकडे जा. मत्तय काय करतो आहे ते मगच नीट दिसते.

यानंतर लगेच यशया ९ वाचा. जबुलून आणि नफताली यांचा प्रांत आधी हीन केला गेला, पुढे तो गौरवला जाईल, अंधारात चालणाऱ्यांनी मोठा प्रकाश पाहिला. हा तोच गालील, अश्शूरने सर्वांत आधी तोडलेला उत्तरेचा भाग. येशू नासरेथ सोडून कफर्णहूमात राहायला येतो तेव्हा मत्तय हीच ओवी उद्धृत करतो.

मेलेल्या राज्याला दिलेली अभिवचने

आता मुख्य गोष्ट. ७२२ मध्ये शोमरोन पडले. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन याने २७ हजारांहून अधिक लोक हलवल्याचे आपल्या लेखांत नोंदवले आहे; २ राजे १७ नुसार त्यांना हलह, गोजानाची हाबोर नदी आणि मेद्यांची नगरे इथे वसवले आणि त्यांच्या जागी बाबेल, कूथा वगैरे ठिकाणची माणसे आणून बसवली. राज्य संपले, ते पुन्हा कधी उभे राहिले नाही. व्यवहारी माणूस इथे वही बंद करील. संदेष्ट्यांनी मात्र त्यानंतरही उत्तरेचा नाद सोडला नाही.

यिर्मया ३ पाहा. शोमरोन पडून शंभर वर्षे होत आली आहेत, यहूदात योशीया राज्य करतो आहे, आणि यिर्मयाला आज्ञा होते की उत्तरेकडे तोंड करून घोषणा कर: हे मार्ग सोडलेल्या इस्राएले, परत ये. त्याच अध्यायात यहूदाला ऐकवले जाते की बेइमान यहूदापेक्षा ती बरी. यरुशलेममध्ये मंदिराच्या भरवशावर निवांत बसलेल्यांना हे किती झोंबले असेल! यिर्मया स्वतः अनाथोथचा, बन्यामिनाच्या प्रांतातला, जुन्या सरहद्दीजवळचा. त्याला उत्तरेची आच असावी यात नवल नाही.

मग ३१ वा अध्याय. रामा इथे राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे. राहेल ही योसेफ आणि बन्यामीन यांची आई, म्हणजे एफ्राईमची आजी. तिची मुले म्हणजे आधी उत्तरेचे हद्दपार झालेले लोक. पण रामा हे यरुशलेमजवळचेच गाव, आणि ४० व्या अध्यायात बाबेलकडे नेण्यासाठी बेड्या घातलेले यरुशलेमचे कैदी तिथेच गोळा केलेले दिसतात. एकाच आजीच्या रडण्यात दोन्ही हद्दपाऱ्या येतात. पुढे देव स्वतः विचारतो, एफ्राईम माझा लाडका मुलगा ना? आणि ३१ व्या ओवीत नवा करार येतो. 'नवा करार' हे नाव आपल्या हातातल्या पुस्तकाला जिथून मिळाले ती ही ओवी, आणि तिच्यात तो करार इस्राएलचे घराणे व यहूदाचे घराणे अशा दोघांशी आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ही ओवी ऐकणाऱ्यांनी हे दोन पत्ते सहसा लक्षातच घेतलेले नसतात.

यहेज्केल ३७ मधली वाळलेली हाडे सर्वांना ठाऊक असतात. अध्यायाचा उत्तरार्ध कमी वाचला जातो. संदेष्ट्याने दोन काठ्या घ्यायच्या. एकीवर यहूदा आणि त्याच्या सोबतचे इस्राएल लोक असे लिहायचे, दुसरीवर योसेफ, म्हणजे एफ्राईम आणि त्याच्या सोबतचे. मग दोन्ही एका हातात अशा धरायच्या की त्या एक होतील. अर्थ खालीच दिला आहे: एक राष्ट्र, एक राजा, माझा सेवक दावीद; पुन्हा दोन राज्ये होणार नाहीत. यहेज्केल इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्यांपैकी. त्याच्या ऐकणाऱ्यांना स्वतःच्याच परतीची खात्री नव्हती आणि हा त्यांना दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या भावांसकट परतीची गोष्ट सांगतो. हेच धागे होशेय १:११, यशया ११:१३ आणि जखऱ्या ९ व १० मध्ये शोधा. जखऱ्यात यहूदा धनुष्य आहे आणि एफ्राईम त्यावर लावलेला बाण. उलट त्याच पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात काठी मोडली जाते आणि यहूदा व इस्राएल यांचे बंधुत्व तुटते. दोन्ही वाचा, संदेष्ट्यांनी हा विषय गुळगुळीत केलेला नाही.

ही अभिवचने पुरी झाली का, यावर मते वेगळी आहेत. मिश्नेत, म्हणजे यहूदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, रब्बी अकिवा म्हणतात दहा वंश परतणार नाहीत, रब्बी एलिएजर म्हणतात परततील. ख्रिस्ती लोकांतही काही जण ही गोष्ट मंडळीत पुरी झालेली पाहतात, कारण पौल रोम ९ मध्ये "माझे लोक नव्हेत" ही होशेयची ओवी परराष्ट्रीयांनाही लावतो. काही जण भविष्यात अक्षरशः घडेल म्हणून वाट पाहतात. प्रेषितांची कृत्ये १:८ मात्र दोन्ही पक्षांनी पुन्हा वाचावी. येशूचे साक्षी यरुशलेमेत, सर्व यहूदियात आणि शोमरोनात जाणार आहेत. जुनी सरहद्द तिथे नावानिशी ओलांडली आहे.

'हरवलेल्या' वंशांविषयी जरा जपून

उत्तरेचे सगळे लोक गेले आणि जगात कुठेतरी हरवले, ही कल्पना लोकप्रिय आहे. शास्त्रातच तिला छेद देणाऱ्या जागा आहेत. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या वल्हांडण सणाला आशेर, मनश्शे आणि जबुलून यांतले काही जण यरुशलेमला आले (२ इतिहास ३०). योशीयाच्या काळात एफ्राईम आणि मनश्शे इथून मंदिरासाठी पैसे गोळा झाले. यरुशलेम जळाल्यानंतरही शखेम, शिलो, शोमरोन इथून ऐंशी माणसे अर्पणे घेऊन येताना यिर्मया ४१ मध्ये दिसतात. लूक २ मधली वृद्ध हन्ना आशेराच्या वंशातली आहे. आणि याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी बाई याकोबाला 'आमचा बाप' म्हणते. शोमरोनी समाज आजही गरिज्जीम डोंगराजवळ आणि होलोन शहरात आहे, हजाराच्या आत.

बाकी, अमुक युरोपीय राष्ट्र म्हणजे एफ्राईम, तमुक म्हणजे मनश्शे, असले नकाशे दाखवणारे भेटतील. त्यांत पुरावा कमी आणि स्वतःचे कौतुक जास्त असते. प्रत्यक्ष समाजांच्या आठवणी ही वेगळी गोष्ट. मणिपूर-मिझोराममधले बेने मनश्शे स्वतःला मनश्शेचे वंशज मानतात. २००५ मध्ये इस्राएलच्या सेफार्दी मुख्य रब्बींनी त्यांना इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची आहे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांचे पूर्वज उत्तरेच्या राज्यातून निघाले की नंतर यहूदियातून, याबद्दल निरनिराळी मते आहेत. पण ते नवस करतात, मलिदा करतात तो एलियाहू हनबीच्या नावाने, आणि अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्याच रथाच्या खुणा दाखवल्या जातात. तो एलीया म्हणजे गिलादातला तिश्बी, अहाबापुढे उभा राहिलेला, उत्तरेच्या राज्याचा संदेष्टा.

वाचायचा क्रम

छापील क्रमाने जाऊ नका; यशया पहिला आहे म्हणून त्यापासून सुरुवात केलेले बरेच जण पंधराव्या अध्यायापाशी सोडून देतात. चार राजे-अध्याय झाले की आमोस. मग होशेय १ ते ३ आणि ११. मधले अध्याय अवघड आहेत, दुसऱ्या फेरीत घ्या. मग मीखा १ ते ५, आणि त्याच्या शेजारी ठेवून यशया ७ ते ११, कारण दोघे एकाच काळातले. त्यानंतर २ राजे १८ आणि १९: इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमपर्यंत आला तो प्रसंग. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याची बढाई आहे, पण यरुशलेम घेतल्याचे वाक्य नाही. मग यिर्मया ३, ७, ३० आणि ३१. शेवटी यहेज्केल २३, जिथे शोमरोन आणि यरुशलेम या अहला व अहलीबा नावाच्या दोन बहिणी होतात (भाषा उघडी आहे, मुलांबरोबर वाचण्याआधी स्वतः वाचा), आणि ३७. यहेज्केलचे ४० ते ४८ हे मोजमापांचे अध्याय पहिल्या फेरीत सोडले तरी चालतील; फक्त ४८ वा चाळून ठेवा, तिथे जमिनीच्या वाटपात दानापासून गादापर्यंत बाराही वंशांची नावे पुन्हा ओळीने येतात.